रेस त्यांची, बिल कुणाचं?

पाम बीच रोडवर रेसिंग कार धावणार म्हटल्यावर तुमच्याही ऑफिसच्या ग्रुपवर थम्ब्स-अपचा पाऊस पडला असेल. पण हैदराबाद, चेन्नई आणि ग्रेटर नोएडा या तीन शहरांची आधीची ‘बिलं’ एकदा चाळून बघा. आणि जमलं तर, वीकएन्डला कर्जतला जाता जाता खिडकीबाहेरही बघा!

पोशीरला फॉर्म्युला कारची रेस होणार नाहीये. आधीच सांगितलेलं बरं! नाहीतर नेरळ-कळंब रोडला सेकंड होम बुक केलेली मंडळी उद्याच ब्रोकरला फोन लावून रेट वाढवायला सांगतील. रेस व्हायची आहे ती तिथून तास-दीड तासाच्या ड्राइव्हवर, नवी मुंबईत.

झालं असं, की २०२५ च्या अखेरीकडे नवी मुंबई महापालिका आणि रेसिंग प्रमोशन्स प्रायव्हेट लिमिटेड उर्फ आरपीपीएल या कंपनीमध्ये करार झाला. ‘इंडियन रेसिंग लीग’ भरवणारी हीच ती कंपनी. पाम बीच रोडवरून निघून नेरूळच्या तलावाला वळसा घालून परत येणारा ३.७५३ किलोमीटरचा ट्रॅक, १४ वळणं, रात्रीची वेळ, झगझगीत फ्लडलाइट्स आणि मुहूर्त डिसेंबर २०२६ चा. महाराष्ट्रात शहराच्या रस्त्यावर अशी रेस पहिल्यांदाच, अशी ही घोषणा. ज्या पाम बीचवर थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मोबाइलवर चलान येऊन पडतं, त्याच रस्त्यावर चक्क महापालिकेच्या आशीर्वादाने सुसाट! आयडिया भन्नाट आहे, यात वादच नाही. रात्रीच्या उजेडात खाडीकाठाने जाणाऱ्या गाड्या टीव्हीवर काय दिसतील, विचार करा.

मग यात पोशीर कुठून आलं?

रेसच्या नकाशात कर्जत-खालापूर नाही, हे खरंच. पण नवी मुंबईच्या पाण्याच्या नकाशात ते ठळक आहे. सकाळी नेरूळच्या फ्लॅटमध्ये शॉवर सुरू होतो तो खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाच्या जिवावर. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका म्हणून नवी मुंबई गेली अनेक वर्षं कॉलर टाइट करून फिरते. आणि आता कर्जत तालुक्यातल्या पोशीर प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. खर्च सुमारे ६,४०० कोटी, साठा सुमारे १२.३ टीएमसी, आणि पाणी जाणार मुंबई महानगर प्रदेशातल्या वाढत्या शहरांना. म्हणजे ज्या पट्ट्यातून शहराला पाणी येतं, तिथल्या माणसांच्या फायली आणि शहराच्या झगमगाटाच्या फायली शेवटी त्याच सरकारी टेबलांवरून फिरतात. कुठली फाइल किती वेगात फिरते, खरी रेस तिथे आहे बॉस!

रस्त्याची रेस म्हणजे नेमका खर्च कशाचा?

आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं, रेस म्हणजे रस्ता बंद करायचा, बॅरिकेड लावायचे आणि झेंडा दाखवायचा. सोसायटीची मॅरेथॉन असते तसं. तसं अजिबात नसतं. रेसिंग कार जमिनीला जवळजवळ चिकटून धावते. आपल्या दुचाकीला जो खड्डा ‘चालायचाच’ वाटतो, तो तिथे गाडी हवेत उडवू शकतो. त्यामुळे आख्खा पट्टा नव्याने डांबरी करायचा, स्पीडब्रेकर उखडायचे, दुभाजक हलवायचे, गटारांची झाकणं पक्की जखडायची. झाकणांचं हसू नका. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या चकाचक रस्त्यावर, पहिल्याच सरावात, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या सैल झाकणाने फेरारीची गाडी खालून फाडली होती! त्यावर काँक्रीटचे ब्लॉक, जाळ्यांची कुंपणं, फ्लडलाइट, तात्पुरते स्टॅण्ड, पिट, हॉस्पिटलची तयारी, पोलीस. आणि हे सगळं झाल्यावर आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना ‘एफआयए’चे लोक येऊन ट्रॅक तपासणार. त्यांनी होकार दिला तरच इंजिन सुरू.

आता यातलं काय आयोजकाचं आणि काय जनतेचं? गाड्या, ड्रायव्हर, टीव्हीचे हक्क, टिकिटं, जाहिराती आयोजकाकडे. रस्ता, गटार, दिवे, पोलीस आपल्याकडे. कमाईची बाजू कुठे आणि खर्चाची कुठे, हे कळायला एमबीए लागत नाही. डांबर मात्र रेसनंतरही शिल्लक राहतं, तो रस्ता आपण वर्षभर वापरतो, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. फक्त तो रस्ता त्या वर्षी खराब होता का, की दुसराच कुठला तरी जास्त खराब होता, एवढं विचारायचं.

नोएडाचा धडा

सरकारी पैसा नको, तर सगळं खासगी कंपनीकडेच द्या, असं म्हणणाऱ्यांसाठी ग्रेटर नोएडा. ३० ऑक्टोबर २०११. भारताची पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री. जेपी समूहाने बांधलेलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, हर्मन टिल्के या जर्मन आर्किटेक्टचं डिझाइन, लॅप सव्वापाच किलोमीटरला जरा कमी. सचिन तेंडुलकरने चेकर्ड फ्लॅग हलवला, सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला आणि ट्रॉफी दिली मुख्यमंत्री मायावतींनी. रात्रीच्या पार्टीत लेडी गागा. सरावाच्या पहिल्याच सेशनमध्ये एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला, तो जगभरच्या टीव्हीवर झळकला. (त्या कुत्र्याला कुणी पास दिला होता, याची चौकशी झाल्याचं ऐकिवात नाही!)

ट्रॅक खासगी होता हे खरं. पण जमीन? यमुना एक्स्प्रेसवेच्या बदल्यात समूहाला सरकारमार्फत मोठाली जमीन मिळाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच भागातल्या भट्टा-पारसौल गावात भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकरी आणि पोलीस भिडले, दोन्हीकडची माणसं मेली. राज्य सरकारने रेसला करमणूक कर माफ केला. त्याविरुद्ध जनहित याचिका गेली आणि रेसच्या काही दिवस आधी सुप्रीम कोर्टाने टिकिटविक्रीच्या २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली. म्हणजे ‘खासगी’ रेसमध्येही सरकार होतंच, फक्त चेकवर सही नव्हती. जमीन आणि करमाफी हाही पैसाच असतो.

गंमत म्हणजे दिल्लीतलं सरकार उलट्या दिशेला. २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने परवान्याच्या फीचे ३ कोटी ६५ लाख डॉलर परदेशी पाठवायला नकार दिला होता. म्हणणं असं, की हा खेळ नाही, करमणूक आहे! मग रेसच्या वेळी करमणूक कर माफ कसा, असा प्रश्न कुणाच्याही डोक्यात येईल. लखनौचं आणि दिल्लीचं डोकं वेगळं होतं, एवढंच त्याचं उत्तर. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन रेस झाल्या, तिन्ही व्हेटेलने जिंकल्या, आणि दुकान बंद. पुढे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने फॉर्म्युला वनच्या कंपनीला भारतातल्या कमाईवर इथे कर भरावा लागेल असा निकाल दिला, तेव्हा भरायला इथे रेसच उरली नव्हती. २०२० मध्ये थकबाकीमुळे यमुना प्राधिकरणाने सर्किट असलेल्या एक हजार हेक्टरच्या जमिनीचं वाटपच रद्द केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपीच्या बाइक्स धावल्या, उत्तर प्रदेश सरकार पाठीशी होतं. पुढच्या वर्षीची रेस झालीच नाही.

हैदराबाद : ५४ कोटी ८८ लाखांची कहाणी

आता जरा सीट बेल्ट बांधा, कारण हा सगळ्यात इंटरेस्टिंग लॅप.

११ फेब्रुवारी २०२३. हुसेनसागर तलावाच्या काठाने, सचिवालयाला लागून, इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई. भारतातली पहिली. ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. तेलंगणाचे तेव्हाचे नगरविकास मंत्री के. टी. रामाराव म्हणजे केटीआर, यांचं हे ड्रीम प्रोजेक्ट. आयटीवाल्यांच्या शहराला इलेक्ट्रिक वाहनांचं शहर करायचं, जगभरच्या कंपन्या बोलवायच्या, असा प्लॅन. केटीआर म्हणाले, या एका रेसने शहराला सुमारे ७०० कोटींचा फायदा झाला. हॉटेलं भरली, विमानं भरली, वगैरे. असे आकडे प्रत्येक रेसनंतर येतात. हॉटेल भरलं तर पैसा हॉटेलवाल्याला मिळतो आणि रस्त्याचं बिल पालिकेला, हे मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

खरी स्टोरी रेसनंतरची आहे. ऑक्टोबर २०२२ च्या मूळ करारात तीन भिडू होते. रेसची परदेशी कंपनी, राज्याचं नगरविकास खातं आणि पैसा लावणारी एक खासगी प्रमोटर कंपनी. पहिल्या सीझननंतर प्रमोटर बाहेर पडला. होतं असं, धंदा परवडला नाही की खासगी कंपनी उठून जाते, त्यात गुन्हा काही नाही. प्रश्न उरतो, की तिच्या खुर्चीत कोण बसणार? इथे बसलं सरकार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे एचएमडीएने, परदेशी कंपनीला दोन हप्त्यांत ४५ कोटी ७१ लाख रुपये पाठवले. कर वगैरे धरून आकडा ५४ कोटी ८८ लाख. हे एचएमडीए म्हणजे आपल्या एमएमआरडीएचं चुलत भावंड समजा. रस्ते, उड्डाणपूल, लेआउटची मंजुरी, असली कामं करणारं. त्याच महिन्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ती चालू असतानाच ३० ऑक्टोबरला नवा करार झाला.

डिसेंबरमध्ये सरकार बदललं. नव्या काँग्रेस सरकारने हात वर केले, आणि ५ जानेवारी २०२४ ला फॉर्म्युला ईने फेब्रुवारीची रेस रद्द केल्याचं जाहीर केलं. पैसे गेले, रेसही गेली!

पुढे १९ डिसेंबर २०२४ ला तिथल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने केटीआर, एक आयएएस अधिकारी आणि एचएमडीएचे तेव्हाचे मुख्य अभियंता यांच्यावर गुन्हा नोंदवला. आरोप असा, की मंत्रिमंडळ आणि अर्थखात्याची मंजुरी न घेता आणि परकीय चलनाचे नियम डावलून पैसे पाठवले गेले. हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला, ईडीनेही चौकशी केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यपालांनी खटल्याला मंजुरी दिली. केटीआर यांचं म्हणणं पहिल्यापासून ठाम आहे. पैसे उघडपणे बँकेतून गेले, एक रुपयाही खाल्ला नाही, शहराचं नाव टिकावं म्हणून निर्णय घेतला, आणि ही केस म्हणजे राजकीय सूड. आरोप हे आरोपच असतात, निकाल कोर्टाचा.

पण क्षणभर केटीआर यांचं शंभर टक्के खरं धरू. कुणी काही खाल्लं नाही, सगळं शहराच्या भल्यासाठी. तरीही शहराच्या विकास प्राधिकरणाचे पावणेपंचावन्न कोटींच्या वर रुपये न झालेल्या रेसपायी गेले, हे बदलत नाही. भ्रष्टाचार झाला का, या प्रश्नावर चॅनेलवाल्यांनी रात्रीच्या रात्री काढल्या. करारात जोखीम कुणाच्या गळ्यात होती, यावर कुणी अर्धा तासही काढला नाही. मला विचाराल, तर तो प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. चोरी करणारा एखादाच असतो, भोंगळ करार मात्र पुढच्या शहरातही तसाच कॉपी-पेस्ट होऊ शकतो.

चेन्नई : कोर्टाचं म्हणणं काय?

तिसरं शहर चेन्नई. इथे आयोजक तेच, आपले नवी मुंबईवाले आरपीपीएल, आणि सोबत तमिळनाडूचं क्रीडा प्राधिकरण. आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक, फॉर्म्युला फोरची रात्रीची रेस, तारीख डिसेंबर २०२३. त्याच आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्यात घातलं. घरात गुडघाभर पाणी असताना रेसच्या तयारीचे फोटो बघून लोक काय म्हणाले असतील, ते सांगायला नको. रेस पुढे ढकलली.

मामला मद्रास हायकोर्टात गेलाच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने रेसला परवानगी दिली, पण सरकारने केलेला सुमारे ४२ कोटींचा खर्च आयोजक कंपनीने परत करावा, आणि पुढच्या वेळेसाठी १५ कोटी आधी भरावेत, असंही सांगितलं. टाळ्या! पण थांबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या अटी काढून टाकल्या. रेस भरवायची का, सरकार आणि खासगी कंपनीने खर्च कसा वाटून घ्यायचा, हा धोरणाचा विषय आहे, कोर्टाने तो ठरवायचा नाही, असा त्याचा मथितार्थ.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उद्या इथे खर्च वाढला, तर कोर्ट येऊन आपल्याला वाचवेल ही आशा सोडा. जे काय ठरायचं ते करारात आणि महासभेत ठरणार.

रेस मात्र झाली, ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला. एफआयएचा दाखला वेळेत न आल्याने पहिल्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडलं, तरी रात्रीच्या त्या गाड्या दिसल्या झकास. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, याच लीगच्या हैदराबादमधल्या पहिल्याच वीकएन्डला रस्ते बंद, लोक ट्रॅफिकमध्ये, आणि रेस रद्द, असाही प्रकार झाला होता. म्हणजे कंपनी शिकते आहे. ट्रेनिंगचा खर्च कुणाकडे, एवढंच बघायचं.

मेलबर्न तोट्यात जातं, पण सांगून

परदेशात सगळं फायद्यात असतं, हाही एक गैरसमज. मेलबर्नमध्ये १९९६ पासून आल्बर्ट पार्कच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वन होते. पार्क वाचवा म्हणून लोक त्याच्याही आधीपासून आंदोलन करताहेत. व्हिक्टोरिया राज्याचं सरकार हल्ली एका रेसमागे १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास पदरचे घालतं. सिंगापूरचं सरकार खर्चाचा ६० टक्के वाटा उचलतं. मलेशियाने २०१७ नंतर हिशेब करून सरळ सोडून दिलं.

यात मेलबर्नचं एक आवडलं. रेस भरवणारं महामंडळ दरवर्षी किती पैसे बुडाले ते वार्षिक अहवालात छापतं, आणि तो अहवाल विधिमंडळापुढे जातो. लोक शिव्या घालतात, सरकार म्हणतं शहराची जाहिरात झाली, आणि पुढच्या वर्षी परत तेच. पण भांडण आकड्यावर होतं, अफवेवर नाही.

आपल्याकडचं पॉलिटिक्स

आता परत पाम बीचवर या. नवी मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती. म्हणजे रेसचा करार झाला तेव्हा महासभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, ‘सभापती महोदय, माझा एक प्रश्न आहे’ म्हणणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. यात बेकायदा काही नाही. पण साडेपाच हजार कोटींच्या वर बजेट असलेल्या शहरात हा प्रश्न कुणी जाहीरपणे विचारायचा, ती जागाच रिकामी होती.

आता नगरसेवक आलेत. सत्ता भाजपची, आणि शहरातलं राजकारण म्हणजे गणेश नाईक विरुद्ध एकनाथ शिंदे. राज्यात मांडीला मांडी, शहरात समोरासमोर. अशा ठिकाणी रेस हा उत्तम विषय होऊ शकतो. यशस्वी झाली तर श्रेयाचे बॅनर दोघांचे, फसली तर दोष प्रशासकाच्या काळाचा! आणि मध्ये नेरूळचे रहिवासी. पाम बीचला लागून पाणथळ जागा आहेत, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. डिसेंबर हा त्यांचा सीझन आणि रेसचाही. गोव्यात याच मालिकेतल्या रेससाठी २०२५ मध्ये वास्कोचा बोगदा परिसर ठरला होता, तर तिथल्या लोकांनी असा काही विरोध केला की जागेचा बेत सोडावा लागला. म्हणजे लोकांनी वेळेत विचारलं तर फरक पडतो, हे शेजारीच दिसलंय.

पाण्याच्या त्या टोकाला

आणि आता त्या खिडकीबाहेरच्या पट्ट्याकडे. कर्जत-खालापूर म्हणजे आपल्यासाठी काय? पावसाळ्यातले धबधबे, एक्स्प्रेसवेचा फूड मॉल, इमॅजिका, माथेरानची ट्रेन, कुणाच्या तरी बॉसचं फार्महाऊस. रेस इथेही असते बरं का, बैलगाड्यांची! २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही उचलून धरला. तेव्हापासून कोकण काय आणि घाट काय, पुढाऱ्याचा वाढदिवस, बक्षिसाला बुलेट नाहीतर ट्रॅक्टर, आणि मैदानाला फोटोंची तटबंदी. वेग आणि पुढारी यांचं जमतंच. फरक इतकाच, की गावच्या शर्यतीत बक्षीस कुणी दिलं हे माईकवरून नावानिशी पुकारतात. रक्कम किती, कुणाकडून, सगळं मैदानभर ऐकू जातं. फॉर्म्युला रेसच्या करारापेक्षा ही पारदर्शकता बरी म्हणायची!

मोरबे धरणात १९० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, रोज ४५० दशलक्ष लिटर देण्याची त्याची क्षमता. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागण्या धरण भरायला लागल्यावरही वर्षानुवर्षं आंदोलनांतून येत राहिल्या. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, इर्शाळगडाच्या कुशीत, इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं ढिगाऱ्याखाली राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावाचं सामान माणसांनी डोंगर चढून, खांद्यावरून नेलं. मशिनरी वर नेता आली नाही. एक्स्प्रेसवे तिथून दिसतो.

रेसचे पैसे वाचवले असते तर इर्शाळवाडी वाचली असती, असं मी म्हणत नाहीये. ते खोटं होईल. दरड पावसाने आणली, आणि नेरूळच्या डांबराचा हेड आणि खालापूरच्या वाडीच्या रस्त्याचा हेड वेगवेगळा असतो. एक पालिकेचा, एक जिल्हा परिषदेचा. पण सरकारी कागद कुठल्या गोष्टीसाठी धावतो, हे बघा. हैदराबादला कोट्यवधी रुपये एका महिन्यात समुद्रापार गेले. चेन्नईत रेससाठी रस्ता तयार झाला, वादळामुळे थांबला आणि परत झाला. आणि वाडीचा रस्ता, धरणग्रस्ताची नोकरी, सातबाऱ्यावरची नोंद? तिथे ‘प्रस्ताव वर पाठवलाय’. रायगडमध्ये तर पालकमंत्रीपदावरून अशी जुंपली, की जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली नेमणूक दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा ज्याच्या अध्यक्षतेखाली वाटायचा, ती खुर्चीच वादात.

पोशीरला आता ही दुसरी रेस सुरू होतेय. धरण बांधण्याच्या मंजुरीचा लॅप झाला. पुनर्वसनाचा, मोबदल्याचा, जंगलजमिनीच्या बदल्याचा लॅप आता आहे. इथल्या वाड्यांमध्ये ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. बऱ्याच जणांकडे कसायला जमीन असते पण कागद नसतो, आणि कागद नसेल तर मोबदल्याच्या यादीत नाव येत नाही. धरणाचं पाणी प्यायला निघालेल्या शहरांतल्या कुणी, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्या यादीबद्दल कधी विचारल्याचं आठवतं का? मोरबेच्या वेळी तरी विचारलं नव्हतं.

दहा रुपयांचं टिकिट

तर रेस बघायची की नाही? बघायची! टिकिट काढा, कानात इअरप्लग घाला, ग्रुप फोटो टाका. पण त्याआधी दहा रुपयांचं एक वेगळं टिकिट आहे, कोर्ट फी स्टॅम्पचं. माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ऑफिसात आपण त्याहून लांब ई-मेल लंच कुठे करायचा यावर लिहितो, त्यामुळे जमेल. ऑनलाइनही करता येतो.

अर्ज नवी मुंबई महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. विषय, पाम बीच रेसचा करार. मागायचं एवढंच : कराराची पूर्ण प्रत. रेससाठी डांबर, दिवे, दुभाजक आणि कुंपण यांवरचा मंजूर खर्च आणि तो कुठल्या लेखाशीर्षाखाली. टिकिट आणि जाहिरातीतून पालिकेला मिळणारा वाटा. प्रमोटर मध्येच बाहेर पडला किंवा रेस रद्द झाली, तर नुकसान कुणी भरायचं ते सांगणाऱ्या कलमाचा क्रमांक. किती वर्षांची बांधिलकी. पाणथळ क्षेत्राबाबत घेतलेल्या परवानग्यांच्या प्रती.

आणि वेळ असेल तर दुसरा अर्ज, कारण विषय वेगळा, तेव्हा स्टॅम्पही वेगळा. तो रायगडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला. पोशीर प्रकल्पातल्या बाधित कुटुंबांची यादी कुठल्या तारखेला गावात लावली, आणि हरकती घ्यायची मुदत कधीपर्यंत. उत्तर द्यायला त्यांच्याकडे ३० दिवस असतात.